कुशिंगग्रस्त कुत्र्याची घरची नोंदवही

मूत्रपिंडांलगतच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ गरजेपेक्षा जास्त स्रवू लागल्या की उतारवयाकडे झुकलेल्या कुत्र्यात जो विकार उद्भवतो, त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्ण-कुत्र्यांत त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील लहानशा गाठीत असते. बहुधा आयुष्यभर चालणाऱ्या औषधोपचारात रक्ततपासणीइतकीच घरची नोंदवही मोलाची ठरते, कारण परक्या टेबलावर बावरलेला कुत्रा घरी किती पाणी पितो आणि रात्री किती वेळा उठतो, हे दवाखान्यात कळत नाही.

पहिली नोंद पाण्याची असते. ठरावीक वेळी मोजून भरलेल्या वाडग्यात दिवसभर घातलेली भर मिळवून चोवीस तासांनी उरलेले पाणी वजा करावे, घरातील दुसऱ्या कुत्र्याचा वाडगा वेगळा ठेवावा आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या आकड्याने तर्क न बांधता सलग काही दिवसांची सरासरी पाहावी. वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने रोज लिटरभराहून जास्त पाणी पिणे, हे अतितहानेचे लक्षण मानतात. तरीही पाणी तोडणे धोक्याचे असते. लघवीवाटे आधी पाणी निघून जाते आणि तहान ती तूट भरून काढत असते. औषध लागू पडल्यावर तहान व लघवी काही आठवड्यांत उतरते, मात्र विरळ झालेले केस परतायला महिने लागतात. म्हणून एकाच जागी, एकाच प्रकाशात दरमहा काढलेले छायाचित्र आठवणीपेक्षा भरवशाचे असते.

सर्वांत सावधपणे वाचावी लागते ती भुकेची नोंद. ट्रायलोस्टेन हे औषध कॉर्टिसॉलची निर्मिती रोखते, परंतु ते संप्रेरक जगण्यासाठी आवश्यक असल्याने ते आटोक्यात आणणे एवढाच उपचाराचा हेतू असतो. अधाशीपणा ओसरून कुत्रा नेमाने व आवडीने खाऊ लागला तर तो सुधार होय. उलट अन्नाला तोंड न लावणे, उलटी, जुलाब वा गळून जाणे ही औषध जास्त झाल्याची खूण असू शकते. हे औषध अन्नासोबतच द्यायचे असल्यामुळे गोळी हातात घेण्याआधी वाडगा पुढे ठेवावा, आणि कुत्र्याने मान फिरवली तर गोळी राखून ठेवून लगेच पशुवैद्यांना कळवावे.