पंख्याची पारख

जून-जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला शासनाची बंदी असते आणि मालवणच्या किनाऱ्यावरील होड्या झावळ्यांच्या आडोशाला ओढून ठेवलेल्या असतात. अशा वेळी जाळी सांधण्याच्या आणि फायबरवर नवा थर चढवण्याच्या कामांबरोबरच गाबितांच्या ओसरीवर एका विषयाचा खल अव्याहत चाललेला असतो; तो म्हणजे येत्या हंगामाला होडीच्या पाठीवर कोणते यंत्र चढवावे हा. वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा ज्या एका वस्तूत गुंतणार आणि वाऱ्यापावसात तीन माणसांचे परतणे ज्या वस्तूच्या इमानावर अवलंबून राहणार, तिची निवड घाईने होऊ नये हे स्वाभाविकच आहे. ज्या तांडेलांबरोबर हा व्यवहार मला आरंभापासून अखेरपर्यंत पाहता आला, त्यांची होडी सत्तावीस फुटांची, मागे सपाट फळी असलेली. कांडाळ घेऊन पहाटे निघावे आणि बांगडा, तारली, जे लागेल ते घेऊन उन्हे तापण्यापूर्वी वाळूला लागावे, असा तिचा शिरस्ता.

होडीच्या पाठीला टांगून ठेवण्याजोगे आणि काम झाल्यावर एकट्यादुकट्याने उतरवून घरी नेण्याजोगे यंत्र ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. नॉर्वेतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या ओले एव्हिन्रूडने १९०९ साली असे यंत्र बाजारात आणले. आज आपल्या किनाऱ्यांवर जिची यंत्रे सर्रास दिसतात त्या जपानी यामाहाचे पहिले यंत्र १९६० चे. ज्या किनाऱ्याला धक्का नाही, जेथे होडी वाळूवरूनच लोटावी आणि वाळूवरच ओढावी लागते, तेथे आत बसवलेल्या डिझेल इंजिनापेक्षा, उथळ पाण्यात येताच पाय वर उचलून घेणारे हे यंत्रच सोयीचे, याविषयी मला शंका वाटत नाही.

दुकानात शिरताच प्रथम विचारले जाते ते अश्वशक्तीविषयी, आणि तेथेच पुष्कळ खरेद्या वाट चुकतात. शेजारच्याने चाळीस घेतले म्हणून आपण निदान पंचवीस घ्यावे, हा विचार मानी असला तरी पाण्याला मान्य होणारा नाही. कारण पाणी दुभंगत चालणाऱ्या भारित होडीला निसर्गानेच वेगाची एक मर्यादा घालून दिलेली आहे. पाण्यात बुडालेल्या लांबीचे, फुटांतले, वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे ती मर्यादा नॉटमध्ये कळते. आमच्या तांडेलांच्या होडीची बुडालेली लांबी पंचवीस फूट. वर्गमूळ पाच आणि वेग पावणेसात नॉटच्या आत. त्यापलीकडे जाऊ म्हटले तर होडीला आपणच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते, आणि ही चढण चढण्यासाठी लागणारे पेट्रोल मासळीच्या भावात बसत नाही. रिकामी, हलकी होडी मोठ्या यंत्राने पाण्यावरून घसरत जाईल हे खरे. पण जाळी, बर्फ, माणसे आणि मासळी घेऊन येणाऱ्या होडीला ते साधत नाही. या हिशेबाने दहाच्या आसपास अश्वशक्ती पुरते, आणि समोरचा वारा व ओहोटीची ओढ यांसाठीही थोडी शिल्लक राहते. बाजारात ९.९ हा जो विचित्र आकडा दिसतो, त्यामागे अमेरिकेतल्या कित्येक जलाशयांवरील दहा अश्वशक्तीची मर्यादा आहे. आणि अनेक कंपन्यांच्या ९.९ व १५ च्या यंत्रांचा मूळ साचा एकच असतो, हेही गिऱ्हाइकाने जाणून घेतलेले बरे.

नंतर प्रश्न येतो पायाच्या लांबीचा. आखूड पाय पंधरा इंचांचा, लांब वीस इंचांचा. होडीच्या मागच्या फळीची उंची टेपने मोजल्याखेरीज यांतला कोणता हवा हे कोणालाही सांगता येणार नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाशी समपातळीत किंवा इंचभर खाली यावी. ती वर राहिली तर लाटेवर होडी उचलली जाताच पंखा वरची हवा ओढून घेतो आणि यंत्र नुसतेच किंचाळते. फार खाली गेली तर पाण्याचा विरोध विनाकारण वाढतो. तांडेलांनी फळी दोन्ही कडांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजली, कारण वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीने तिची वरची कड सरळ उरलेली नव्हती. माप वीस इंचांना लागून निघाले आणि तो प्रश्न मिटला.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक या वादात दोन्ही पक्षांकडे सबळ मुद्दे आहेत. टू-स्ट्रोक हलके, रचनेने साधे, किनाऱ्यावरच्या कोणत्याही मिस्त्रीच्या हाताला परिचित. परंतु त्यात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावे लागते, बहुधा पन्नासास एक या प्रमाणात, आणि कार्बोरेटरच्या जुन्या पद्धतीत इंधनाचा मोठा भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. फोर-स्ट्रोक काही किलोंनी जड आणि किमतीने भारी, पण दहा अश्वशक्तीचे यंत्र पूर्ण ताकदीने चालवले तरी तासाला साधारण साडेतीन ते चार लिटरांत भागवणारे, आणि आवाजाने सौम्य. रोज समुद्रात जाणाऱ्याने फोर-स्ट्रोकच घ्यावे असे माझे मत झाले आहे. कधीमधी गळ टाकायला जाणाऱ्याची गोष्ट निराळी.

पण या सर्व खरेदीचे मर्म मला उमगले ते विक्रेत्या तरुणाने यंत्राचे गुणवर्णन सुरू केले तेव्हा. तांडेल त्याला मध्येच थांबवून म्हणाले, “एचपी किती ता मागसून सांग, पंखो कसलो ता आधी सांग.” तरुण म्हणाला, “तात्यानू, कंपनीचोच आसा तो.” तेवढ्याने तात्यांचे समाधान झाले नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा. लाकडात स्क्रू जसा एका फेऱ्यात ठरावीक अंतर आत शिरतो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती इंच पुढे सरकावा हे पिच सांगते. मोठी पिच हलक्या, वेगवान होडीसाठी. भारित आणि मंद होडीला लहान पिच व रुंद व्यास. यंत्राबरोबर येणारा पंखा बहुधा हलकी होडी गृहीत धरून दिलेला असतो, आणि म्हणून नवे यंत्र घेऊनही होडी ओढत नाही अशी तक्रार ऐकू येते. दोष यंत्राचा नसतो.

यंत्र आधीच नियमाप्रमाणे चालवून मोकळे करून घेतले होते, म्हणून खाडीच्या शांत पाण्यात तांडेलांनी जी परीक्षा घेतली ती खरीखुरी होती: वाळूच्या पिशव्या भरून मासळीचे वजन उभे केले, दोन खलाशी बसवले आणि स्पार्क प्लगच्या वायरीला फेरे मोजणारे छोटे मीटर गुंडाळले. कारखान्याने पूर्ण ताकदीत मिनिटाला ५००० ते ६००० फेरे सांगितलेले. मीटर ४७०० च्या पुढे सरकेना. ऐकणाऱ्याला यंत्र सुरळीत चालले आहे असेच वाटले असते, परंतु अशा दबलेल्या अवस्थेत राबणारे यंत्र तापते, काजळी धरते आणि त्याचे आयुष्य मुकाट्याने आटत जाते. पिच एक इंचाने बदलली की मिनिटाला दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो, असा मिस्त्रींचा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. त्या हिशेबाने दोन इंच कमी पिचचा पंखा मागवला. तो चढवून त्याच वजनाने, त्याच पाण्यात फेरी घेतली तेव्हा मीटर ५१०० वर स्थिरावले, आणि होडीचे नाक पाण्यात पूर्वीपेक्षा समतोल बसले. वेग कमी झाला नाही, किंचित वाढलाच. तात्या मीटरकडे न पाहता यंत्राच्या कडेने बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पिचकारीकडे पाहत होते. थंड करणारे पाणी आत फिरते आहे याची साक्ष तीच देते, आणि किनाऱ्यालगतच्या वाळूने आतला रबरी पंप झिजला की ती प्रथम बारीक होते.

नोंदणीचे कागद, परवान्यावर यंत्राच्या क्रमांकाची नोंद, अनुदानासाठी अर्ज आणि सोसायटीचा दाखला हे सोपस्कार वेळ खातात, पण त्यांत निवडीचा भाग नाही. निवडीचा शेवटचा भाग असतो तो सुट्या भागांचा. जे यंत्र उघडून दुरुस्त करणारा माणूस बाजारपेठेत नाही, ते कितीही उत्तम असले तरी ऐन हंगामात ते निरुपयोगी. तात्यांनी सौदा पक्का करताना पंपाचे रबरी चक्र, स्पार्क प्लग, सुरू करायची दोरी, गिअर ऑइल आणि गंज स्वतःवर ओढून घेणारा जस्ताचा तुकडा एवढे बिलात लिहून घेतले, आणि मूळ पंखा परत न करता होडीच्या पेटीत ठेवला. खडकावर एखादे पाते वाकले तर घरी येण्यापुरता तो पुरेसा होता. तसेच यंत्र बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे त्यांनी दोन्ही खलाशांना बजावून सांगितले. रोज परतल्यावर गोड्या पाण्याने यंत्र आतून धुवायचे आणि वीस तास भरताच ऑइल बदलायचे; त्यासाठी घरामागच्या विहिरीजवळ पिंप आणि लाकडी घोडा त्यांनी यंत्र घरी येण्याआधीच मांडून ठेवला होता.