घोरणे, डुलकी आणि स्टिअरिंग

घोरणाऱ्या माणसाची घरोघरी थट्टा होते. "बाबा झोपले, आगगाडी सुटली," असे मुले म्हणतात. परंतु हे बाबा एस.टी., ट्रक अथवा लोकल चालविणारे असतील, तर ही बाब थट्टेवारी नेण्यासारखी नाही, हे सभासद बंधु-भगिनींनी व विद्यार्थी मित्रांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत श्वासाची वाटच बंद होते. १० सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या घोरण्यासरशी श्वास पुन्हा सुरू होतो. असे रात्रभर चालते. वैद्यकशास्त्रात याला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. झोपणाऱ्याला बहुधा याचा पत्ताच नसतो. आठ तास झोपलो, असे तो प्रामाणिकपणे सांगतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो.

१ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी न्यूयॉर्क शहरात स्पायटन डायव्हिल येथे एक प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. त्या वळणावर वेगमर्यादा ताशी ३० मैल. गाडीचा वेग ८२ मैल. चार प्रवासी दगावले. चालक दारू प्यालेला नव्हता, मोबाईलवरही नव्हता. त्याला झोप लागली होती, असे चौकशीत ठरले. दोनच आठवड्यांपूर्वी त्याची पाळी दुपारवरून पहाटेवर आली होती. आणि अपघातानंतरच्या तपासणीत त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया निघाला. तासाला सुमारे ६५ वेळा त्याची झोप मोडत होती! तोवर या आजाराचे निदानच झाले नव्हते.

आपल्याकडे लायसन्सच्या अर्जासोबतच्या आरोग्य घोषणापत्रात अपस्मार, अचानक येणारी बेशुद्धी, घेरी, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचणे, रातांधळेपणा यांची विचारणा असते. झोपेविषयी वेगळा रकाना नाही. असता तरी काय झाले असते? बँकेत फॉर्म तपासण्यातच माझी नोकरी चालली आहे. जेथे 'नाही' लिहिल्याने काम होते, तेथे माणूस 'नाही'च लिहितो. चालकाला एकट्याला दोष देणे मला पटत नाही. आजार सांगितला तर गाडीवरून उतरवतील, भत्ता बुडेल, ही त्याची भीती खोटी नाही.

मात्र हा आजार आटोक्यात येतो. रात्री मुखवट्यातून दाबाने हवा सोडणारे 'सीपॅप' यंत्र लावले, की श्वासाची वाट उघडी राहते व दिवसाची पेंग कमी होते. वजन उतरविणे, कुशीवर झोपणे, रात्री मद्य न घेणे यांचाही उपयोग होतो. मनानेच झोपेची गोळी घेणे मात्र धोक्याचे. निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात. डॉक्टरांकडे जाताना चालकाने पत्नीला सोबत न्यावे. श्वास किती वेळ थांबतो, हे तिनेच पाहिलेले असते.