जबडा वडिलांचा, दात आईचे?

कराडच्या माझ्या दवाखान्यात बारा-तेरा वर्षांचं मूल खुर्चीत बसलेलं असतं, पुढचे दात एकमेकांवर चढलेले, आणि शेजारी उभी असलेली आई विचारते, "मॅडम, जबडा ह्याच्या पप्पांचा लहान आणि दात माझ्या माहेरचे मोठे, म्हणून झालंय का असं?" हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि मला तो फार आवडतो. आपल्या शरीरातलं वाडवडिलांकडून आलेलं किती आणि आपल्या जगण्याने घडवलेलं किती, हे त्या माउलीला जाणून घ्यायचं असतं. मानवशास्त्रज्ञ सापळे हातात घेतात तेव्हा त्यांनाही हेच शोधायचं असतं, आणि त्यासाठी ते बहुतेक वेळा आधी दातांकडेच वळतात.

याचं कारण दाताच्या घडणीत आहे. हाड मोडलं तर जुळतं, झिजलं तर नव्याने भरतं. आयुष्यभर त्याची डागडुजी चालू असते. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, एकदाच तयार होतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नाहीशा होतात आणि मागे जवळजवळ निव्वळ खनिज उरतं. म्हणून जमिनीखाली लाखो वर्षं गेली, हाडांचा चुरा झाला, तरी दात टिकतात. आदिमानवाच्या कितीतरी जाती आपण मुख्यतः दात आणि जबड्याच्या तुकड्यांवरूनच ओळखतो.

इनॅमल थराथराने चढतं आणि दर दिवसाची एक बारीक रेषा मागे ठेवतं. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्याच या रेषा. फरक एवढाच की त्या वर्षाच्या नाहीत, दिवसाच्या आहेत. दुधाच्या दातांत आणि बहुधा पहिल्या कायमच्या दाढेतही एक रेषा जरा ठळक असते. ती जन्माची. गर्भाशयातून बाहेर येताना बाळाच्या शरीराला बसलेला धक्का तिथे नोंदला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ती रेषा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्यावरून नजर काढली नव्हती.

या रेषांनी एक मोठा समज बदलला. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथल्या चुनखडीच्या खाणीत एका मुलाची कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी पुढच्याच वर्षी ती 'ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस' या नावाने जगापुढे ठेवली. त्या मुलाच्या पहिल्या कायमच्या दाढा नुकत्याच आलेल्या होत्या. आपल्या मुलांना त्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येतात, म्हणून तेही सहा वर्षांचं धरलं गेलं. १९८५ मध्ये टिमथी ब्रॉमेज आणि ख्रिस्तोफर डीन यांनी आफ्रिकेतल्या अशा प्राचीन दातांवरच्या रेषा मोजल्या. त्या मुलांची वाढ आपल्यासारखी संथ नव्हती, चिंपांझीच्या पिल्लांसारखी भराभर होत होती. टाउंगचं मूल आता तीन-चार वर्षांचं मानतात. आपलं लांबलचक बालपण, ज्यात मूल वर्षानुवर्षं आईबापांवर विसंबून राहतं आणि शिकत राहतं, ते माणसाच्या वंशात बऱ्याच नंतर आलं.

नात्याचा पुरावाही तोंडातच आहे. महाबळेश्वरच्या पॉइंटवर हातातलं कणीस ओढून नेणाऱ्या माकडाने तोंड उघडलं तर आत मोजा: प्रत्येक चतुर्थांशात दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. एकूण ३२. आपल्याइतकेच, आपल्याच क्रमाने. काळ्या तोंडाच्या वानराचंही तसंच. दक्षिण अमेरिकेतल्या कॅपुचिन माकडाला मात्र प्रत्येक चतुर्थांशात एक उपदाढ जास्त, म्हणजे ३६ दात. त्यांची आणि आपली शाखा फार पूर्वी वेगळी झाली, हे नुसत्या मोजणीतूनही दिसतं.

दाढेचा माथा पाहिला की नातं आणखी नेमकं होतं. आपल्याकडच्या माकडांच्या दाढेवर दोन आडवे उंचवटे असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन हे बिनशेपटीचे कपी आणि आपण यांच्या खालच्या दाढेवर पाच टोकं असतात आणि त्यांमधून वाय या इंग्रजी अक्षराच्या आकाराची खाच जाते. हीच रचना सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या आफ्रिकी कपींच्या दाढांवर आहे. लहान मुलांची कीड बहुधा या खाचांतच सुरू होते आणि माझं भरणंही तिथेच चालतं. इतका जुना वारसा रोज बोटांखाली येतो, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

सुळ्यांची गोष्ट वेगळी. नर चिंपांझीचे किंवा नर वानराचे सुळे म्हणजे हत्यारं असतात. वरचा सुळा खालच्या उपदाढेवर घासून धारदार राहतो. माणसाच्या वंशात ते फार लवकर लहान झाले. इथिओपियात मिळालेल्या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकसचे सुळेही आखूड आणि बिनधारेचे आहेत. मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी नरांमधली चावाचावी कमी झाली असावी, असा याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. मलाही तो पटतो.

पण दात दिशाभूलही करू शकतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं. १९३२ साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुइस यांना हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात, हरितल्यांगर इथे, वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याला त्यांनी नाव दिलं रामापिथेकस. छोटा चेहरा, छोटा सुळा, दाढांवर जाड इनॅमल. लुइसना त्यात माणसाकडे झुकणारी लक्षणं दिसली. १९६०च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हा विचार पुढे नेला आणि रामापिथेकस पाठ्यपुस्तकांत माणसाचा पहिला पूर्वज म्हणून जाऊन बसला. म्हणजे माणूस आणि आफ्रिकी कपी यांची फारकत दीड कोटी वर्षांच्या आसपास झालेली असायला हवी होती.

१९६७ मध्ये बर्कलेच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी एकाही हाडाला हात न लावता याला आव्हान दिलं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. दोन जातींच्या अल्ब्युमिनमध्ये फरक जितका जास्त, तितकी त्यांची फारकत जुनी, हे त्यांचं सूत्र. माणूस आणि चिंपांझी यांच्यातला फरक इतका थोडा निघाला की त्यांनी फारकत सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीची धरली. हाडं अभ्यासणारे भडकले आणि वाद कित्येक वर्षं चालला. शेवटी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या प्राचीन कपीचा बराचसा पूर्ण चेहरा मिळाला. १९८२ मध्ये खुद्द पिलबीम यांनी त्याचं वर्णन छापलं: डोळ्यांच्या खोबण्या उभट, एकमेकींजवळ, अगदी ओरांगउटानसारख्या. रामापिथेकस हा वेगळा प्राणी नव्हताच, तो शिवापिथेकसमध्येच गणला गेला, आणि त्याचं नातं ओरांगउटानशी. आपण उभ्या केलेल्या मताविरुद्धचा पुरावा आपल्याच हाताने छापणाऱ्या पिलबीम यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे डीएनए वाचता येऊ लागला आणि आता ती फारकत साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीची मानतात.

चूक कुठे झाली होती? जाड इनॅमल कठीण खाण्याशी जुळलेलं असतं. कठीण कवचाची फळं, बिया फोडून खाणाऱ्या कुठल्याही वंशात ते पुन्हा पुन्हा येऊ शकतं. खाण्यापिण्यातून आलेलं साम्य रक्ताच्या नात्याचं समजलं गेलं होतं.

त्या आईच्या प्रश्नातही हीच गुंतागुंत आहे. दातांची संख्या, आकार, माथ्यावरची टोकं यांवर जनुकांची पकड घट्ट असते. ईडीएआर या जनुकातला एका अक्षराचा बदल पूर्व आशियात सर्रास आढळतो. त्याने केस जाड होतात आणि पटाशीच्या दातांची आतली बाजू खोऱ्यासारखी खोलगट होते. पीएएक्स९ या जनुकात बिघाड असलेल्या कुटुंबांत दाढा येतच नाहीत. जबडा मात्र लहानपणी त्याच्यावर पडणाऱ्या ताणाप्रमाणे वाढतो. रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९८०च्या दशकात भारतीय सहकाऱ्यांसोबत चंदीगडच्या परिसरात खेड्यातली आणि शहरातली पंजाबी मुलं तपासली. वंश एकच, पण शहरात मऊ अन्न खाणाऱ्या मुलांत वेडेवाकडे दात जास्त. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी हायरॅक्स या सशाएवढ्या आफ्रिकी प्राण्यांना मऊ, शिजवलेलं अन्न देऊन वाढवलं; कच्चं, कडक खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या चेहऱ्याच्या चावण्याचा ताण घेणाऱ्या भागाची वाढ सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली.

म्हणून मी आईला सांगते की दात बऱ्याच अंशी तुम्हा दोघांकडून आलेत, पण जबड्याला वाढायला पुरेसं काम मिळालं नाही. आजोबांना अक्कलदाढा सरळ आलेल्या असतात आणि नातवाच्या ओपीजीत, म्हणजे जबड्याच्या एक्स-रेत, त्याच दाढा आडव्या अडकलेल्या दिसतात. दोन पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत, ताट बदलतं. धाकटं भावंड असेल तर त्याला भाकरी दुधात कुस्करून देऊ नका, चावू द्या. ऊस, गाजर, फुटाणे खाऊ द्या, असंही सांगते. त्याने सगळ्यांचे दात सरळ येतील असं वचन मी देत नाही, पण वाढीच्या वयात जबड्याला काम हवंच.

जगण्याच्या खुणा याहून दुखऱ्याही असतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं जोडून, घराच्या जमिनीखालीच पुरलं जाई. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी त्या मुलांचे दात अभ्यासले. दुधाच्या सुळ्यांच्या दर्शनी बाजूला त्यांना छोटे गोल खड्डे आढळले आणि त्यांचा संबंध त्यांनी बदलत्या हवामानाशी आणि अन्नाशी लावून पाहिला. दुधाच्या सुळ्याचं इनॅमल जन्माच्या आगेमागे घडतं. म्हणजे आईची आणि तान्ह्या बाळाची ओढाताण तिथे उतरते. असे खड्डे आजही माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांच्या सुळ्यांवर दिसतात. तेव्हा मी कीड बाजूला ठेवून आधी त्या आईच्या बाळंतपणाची आणि तेव्हाच्या तिच्या जेवणाची चौकशी करते.

आणि एक पुरावा माझ्या पेशाचा. बलुचिस्तानात मेहरगढ इथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ प्रौढ माणसांच्या अकरा दाढांना कोरून पाडलेली भोकं मिळाली. हा शोध २००६ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. गारगोटीच्या टोकाचा, धनुष्याच्या दोरीने फिरवायचा सामता बनवून संशोधकांनी प्रयोग केला, तेव्हा मिनिटभराच्या आत इनॅमलला तसं भोक पडलं. काही जण म्हणतील, हा दागिन्याचा प्रकार असेल. पण ही भोकं मागच्या दाढांना आहेत, जिथे ती कुणालाच दिसणार नाहीत, आणि त्यांतल्या काही दाढा किडलेल्या होत्या. शिवाय भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणजे हे काम जिवंत माणसांवर झालं आणि पुढे त्यांनी त्याच दाढांनी घास चावले. मी याला उपचारच म्हणेन.