प्रोस्टेट वाढली? ऑपरेशन ठरवण्याआधी एवढे समजून घ्या

माळशिरस तालुक्यात उसाला पाणी धरायला रात्री-अपरात्री शिवारात जाणारे साठीचे शेतकरी पुष्कळ आहेत. लघवीची धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागू लागला, रात्रीतून चार वेळा उठावे लागले, तरी ते घरात बोलत नाहीत. मग एक दिवस लघवी तुंबते, ओटीपोटात कळा येतात आणि अकलूजला धावपळ होते. नळी घातली जाते आणि त्याच गडबडीत ऑपरेशनचाही निर्णय होतो. हा निर्णय शांतपणे आणि माहिती घेऊन व्हायला हवा. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, त्यामुळे प्रश्न घरोघरचा आहे.

गैरसमज : गाठ वाढली म्हणजे कॅन्सरच, किंवा पुढे कॅन्सर होणार.
वस्तुस्थिती : वयाबरोबर होणारी ही वाढ कॅन्सर नसते आणि तिचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. ती ग्रंथीच्या मधल्या भागात, मूत्रमार्गाभोवती होते. कॅन्सर बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून गुदद्वारातून बोटाने तपासणी आणि पीएसए ही रक्तचाचणी करतात. पीएसए जंतुसंसर्गाने किंवा नुकत्याच घातलेल्या नळीनेही वाढते. तेवढ्या आकड्यावर घाबरून जाऊ नये.

गैरसमज : सोनोग्राफीत वजन जास्त आले, म्हणजे ऑपरेशन करावेच लागणार.
वस्तुस्थिती : वजन आणि त्रास यांचा थेट हिशेब नसतो. ६० ग्रॅमची ग्रंथी असूनही कोणाला काही जाणवत नाही, तर ३० ग्रॅमची ग्रंथी कोणाची लघवी अडवते. त्रास मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिचे गुण ७ पर्यंत आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र. जोडीला धारेचा वेग आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते, हेही पाहतात. ऑपरेशन टाळू नये अशा स्थिती ठरलेल्या आहेत : लघवी वारंवार तुंबणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, लघवीतून पुन्हा पुन्हा रक्त जाणे, मूत्राशयात खडे होणे आणि अडथळ्यामुळे किडनीवर ताण येणे. औषधे घेऊनही त्रास असह्य असेल, तर तेही पुरेसे कारण आहे.

गैरसमज : एकदा नळी लागली की त्याच आठवड्यात ऑपरेशन.
वस्तुस्थिती : पहिल्यांदाच लघवी तुंबली असेल आणि किडनी ठीक असेल, तर काही दिवस औषध देऊन नळी काढून पाहतात. अनेकांना पुन्हा स्वतःहून लघवी होते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी तुंबते, म्हणून दुकानातून त्या परस्पर आणून घेऊ नयेत.

गैरसमज : गोळ्या म्हणजे नुसता वेळकाढूपणा.
वस्तुस्थिती : टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या मार्ग सैल करतात आणि काही दिवसांतच फरक जाणवतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू लहान करतात. त्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात आणि त्या ग्रंथी बरीच वाढलेल्यांनाच उपयोगी पडतात. त्यांनी पीएसए जवळजवळ निम्मे होते, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावे. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेत्रतज्ज्ञांनाही कळवावे. दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचे दुष्परिणाम असतात : पहिल्या प्रकाराने चक्कर येऊ शकते, दुसऱ्याने काहींची कामेच्छा कमी होते.

गैरसमज : लेझर सर्वांत उत्तम, दुर्बिणीचे ऑपरेशन जुनाट.
वस्तुस्थिती : दोन्हींत दुर्बीण मूत्रमार्गातूनच आत जाते, पोटावर टाका पडत नाही. दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे टीयूआरपीत, विजेच्या तारेने ग्रंथीचा वाढलेला भाग खरवडून काढतात. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ही अनेक दशके पारखलेली पद्धत आहे. होलेप या लेझर पद्धतीत तो भाग आतून सोलून काढतात. त्यात रक्तस्राव कमी होतो, नळी लवकर निघते आणि खूप मोठ्या ग्रंथीलाही ती चालते. पण ती हातात बसायला सर्जनला मोठा सराव लागतो. वाफेने ग्रंथी आक्रसवणारी रेझूम आणि धाग्यांनी मार्ग उघडा ठेवणारी यूरोलिफ्ट या पद्धती सौम्य आहेत, पण त्यांचा आराम तुलनेने कमी आणि पुन्हा उपचार लागण्याची शक्यता अधिक. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेल्या पीटर फ्रेयर यांनी १९०० पासून लंडनमध्ये रूढ केलेली, पोटातून मूत्राशय उघडून करायची शस्त्रक्रिया आता फार मोठ्या ग्रंथीपुरतीच उरली आहे. यंत्राच्या नावापेक्षा ग्रंथीचा आकार, हृदयाची अवस्था, रक्त पातळ करणारी औषधे आणि सर्जनचा हात यांना महत्त्व द्यावे.

गैरसमज : ऑपरेशनने पुरुषत्व जाते.
वस्तुस्थिती : बहुतेकांची ताठरता पूर्वीसारखीच राहते. बदलते ते एवढेच की टीयूआरपी किंवा होलेपनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. त्याने अपाय होत नाही, पण मूल हवे असेल तर ऑपरेशनआधीच बोलावे. यूरोलिफ्टमध्ये हा बदल सहसा होत नाही.

गैरसमज : एकदा ऑपरेशन झाले की विषय कायमचा मिटला.
वस्तुस्थिती : संत्र्याचा गर काढला तरी साल राहते, तसा ग्रंथीचा बाहेरचा भाग आत उरतोच. तिथे पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या चालू ठेवाव्यात. काहींची ग्रंथी काही वर्षांनी पुन्हा वाढते. दीर्घकाळ दुर्लक्ष करून किंवा मधुमेहाने मूत्राशयच दुबळे झाले असेल, तर अडथळा काढूनही धार पूर्ववत होईलच असे नाही. उशीर इथेच भोवतो.

गैरसमज : पाणी कमी प्यायले की त्रास कमी.
वस्तुस्थिती : आषाढीत माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून पंढरीला जाते, तेव्हा अनेक ज्येष्ठ वारकरी वाटेत लघवीला लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते आणि संसर्गाचा धोका वाढतो. दिवसा पुरेसे पाणी प्यावे. झोपण्याआधीचे दोन-तीन तास पाणी आणि चहा आवरावा.

खर्चापोटीही अनेक जण थांबून राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. आपल्याला सांगितलेली पद्धत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. सोलापूरचे शासकीय सर्वोपचार रुग्णालयही आहेच.

ऑपरेशनला होकार देण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : मला ऑपरेशन आत्ता का हवे? थांबलो तर काय बिघडेल? माझ्या ग्रंथीला हीच पद्धत का? आणि अशी किती ऑपरेशन्स तुम्ही केली आहेत? घरातल्या मुला-सुनांनीही वडील रात्री किती वेळा उठतात याकडे लक्ष द्यावे आणि न लाजता विचारावे. लघवी तुंबण्याची वाट न पाहता दाखवले, तर उपचार निवडायला वेळ मिळतो आणि किडनीही वाचते.