दुर्गची सबा आणि कुमार वयातील हॉकी

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु येथील कोहका परिसरापासून जवळच असलेल्या दुर्ग शहराने देशाला महिला हॉकीची कर्णधारही दिली आहे. १९८५ मध्ये जन्मलेल्या सबा अंजुम वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून खेळल्या. अंतिम सामन्यात इंग्लंडला ३-२ असे नमवून भारताने सुवर्णपदक पटकावले.

अशी मजल सहजसाध्य नसते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. मातीच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडखळतो. कृत्रिम हिरवळीवर तो सरळ व वेगाने धावतो. त्यामुळे लहान गावातील कुमार खेळाडूला अंगवळणी पडलेला खेळ नव्याने शिकावा लागतो आणि त्यासाठी हाताशी असतात कुमार गटाचे मोजकेच हंगाम. ते हुकले, तर पुढे भरपाई कठीण!

सबा यांना २०१३ मध्ये अर्जुन पुरस्कार, तर २०१५ मध्ये पद्मश्री लाभली. बचतीप्रमाणेच खेळातही लवकर केलेला आरंभ मोलाचा ठरतो. आपल्या वसाहतीतील मुलींना सायंकाळी मैदान मोकळे मिळते किंवा नाही, एवढे पाहणे तरी आपल्या हाती आहे.