अपंगाच्या घरी आरोग्य कार्ड : आधी कोणता कागद?



या खेपेस भाताच्या खताचा विषय बाजूला ठेवतो. कारण सांगतो.

खानापूर भागातील एका घरी मी आजाऱ्यास भेटावयास जात असे. घरधनी काजूच्या झाडावरून पडला आणि त्याचे कमरेखालचे अंग लुळे झाले. त्याची बायको दोन म्हशी राखून आणि दुसऱ्याच्या शेतात रोप लावून घर चालवी. खाटेवर पडून पडून त्याच्या पाठीच्या खाली जखम झाली, ती हाडापर्यंत गेली, ताप उतरेना. टेम्पो करून त्याला शहरातील एका इस्पितळात नेले. खिडकीवर तिने पिशवीतून एकेक कागद काढून ठेवला : अपंगत्वाचा दाखला, पेन्शनचे पासबुक, आधार कार्ड आणि चौदा आकडी नंबरचे आणखी एक कार्ड. आतल्या माणसाने सगळे परत सरकवले. "यातले एकही चालत नाही. पैसे भरा." एक म्हैस विकावी लागली.

तो माणूस उद्धटपणे बोलला, हे खरे. पण कागदाबाबत त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आणि दुःखाची गोष्ट अशी की त्या घराला मोफत उपचाराचा पूर्ण हक्क होता. चालणारा कागद घरी, देवाच्या तसबिरीमागे होता : रेशनकार्ड.

आपल्यातील पुष्कळांची समजूत अशी आहे की सरकारने एकदा अपंग म्हणून शिक्का मारला की दवाखान्याचे दार आपोआप उघडते. तसे नाही. अपंगत्वाचा दाखला (आता 'दिव्यांग' म्हणतात, आणि त्याचे यूडीआयडी नावाचे ओळखपत्र मिळते) हा त्या माणसाचा असतो. त्यावर पेन्शन, बसचा पास, तीनचाकी अशा गोष्टी मिळतात. इस्पितळातील उपचाराचे संरक्षण मात्र कुटुंबाचे असते, आणि कर्नाटकात ते कुटुंब रेशनकार्डावरून ओळखले जाते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. कर्नाटकाने आपली आरोग्य कर्नाटक योजना त्याच वर्षी तिच्याशी जोडली. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. ही रक्कम माणशी नव्हे, सगळ्या घराला मिळून. बीपीएल नसलेल्या घरास ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. जुना आजार आहे म्हणून कोणास नाकारता येत नाही, ही गोष्ट अपंगाच्या घराने विशेष ध्यानात ठेवावी.

दुसऱ्या राज्यांत ज्यांची लेकीबाळी आहेत, त्यांनी एवढे जाणावे की केंद्राच्या योजनेत मूळ निवड २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून झाली. घरात अपंग माणूस आहे आणि धडधाकट प्रौढ कोणीही नाही, अशा कुटुंबाला तिच्यात वेगळी जागा आहे. पण २०११ नंतर जो झाडावरून पडला, तो त्या यादीत कसा सापडणार? त्या राज्याने पुढे कोणत्या यादीवरून नावे घेतली, हे तिथेच विचारावे. १४५५५ हा केंद्राच्या योजनेचा फोन नंबर आहे.

आता ते चौदा आकडी कार्ड. त्याला 'आभा' म्हणतात. त्यात तुमच्या तपासण्यांची नोंद राहते, पण त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. दोन्ही कार्डांची नावे अशी जवळजवळची ठेवावयास नको होती, असे माझे मत आहे. ग्राम वन केंद्रावर गेलात तर स्पष्ट सांगा, "उपचाराचे आयुष्मान कार्ड पाहिजे."

खरी अडचण नावांची. आपल्या लोकांत ती फार. बाप्तिस्म्याच्या वहीत इग्नेशियस, शाळेत इनास, रेशनकार्डावर कन्नडमध्ये भलतेच काही. डिसोजा हे आडनाव एका कागदावर मध्ये टिंब देऊन, दुसऱ्यावर जोडून, तिसऱ्यावर 'डी' वेगळा. बायकांचे आणखी कठीण : माहेरचे नाव एका ठिकाणी, सासरचे दुसऱ्या ठिकाणी. संगणक रेशनकार्डावरचे व आधारवरचे नाव ताडून पाहतो, आणि फरक मोठा असला की अर्ज तपासणीसाठी अडून राहतो. तेव्हा आधारवरील स्पेलिंग मूळ धरावे आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्यावेत. आधारवरचे नाव जन्मात दोनदाच बदलता येते. ते उगाच खर्चू नये.

अपंगाचे नाव रेशनकार्डावर आहे की नाही, हेही उघडून पाहा. भाऊ वेगळे झाले, कार्ड फुटले, आणि खाटेवरच्या भावाचे नाव दोन्हीकडून गळले, असे घडते. कोणी मुद्दाम करीत नाही. त्याचा अंगठा घ्यायला कोणी घरी आले नाही एवढेच. आता त्यालाही वाट आहे. आयुष्मान कार्डासाठी अंगठाच लागतो असे नाही. आधारला जोडलेल्या फोनवर येणारा आकडा, डोळ्याची बुबुळे किंवा फोनने घेतलेला चेहरा, यांतले काहीही चालते. नांगर धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या त्यांनाही हे सोयीचे. अपंगाला पाठीवर घालून केंद्रावर नेण्याआधी कोणाला फोन घेऊन घरी येता येईल का, ते विचारा. ग्रामपंचायतीत अपंगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो. त्याला गाठा.

कार्ड हाती आले म्हणजे कोणत्याही इस्पितळात जावे असेही नाही. आधी सरकारी दवाखाना. तिथे तो उपचार होत नसेल तर तिथूनच चिठ्ठी घेऊन योजनेतल्या खाजगी इस्पितळात जावयाचे. जीव धोक्यात असला तर चिठ्ठीवाचून घेतात. इस्पितळात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. पैशाच्या खिडकीवर जाण्याआधी त्याच्याकडे जावे. कार्ड अजून झाले नसले तरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याचपुढे उभे राहावे.

दाखल न होता घेतलेली औषधे, लघवीची पिशवी, नळी, मलमपट्टी हे या योजनेत येत नाही, आणि कायम खाटेवर असणाऱ्याच्या घरी हाच खर्च दर महिन्याचा. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीची वा एकाहून अधिक अपंगत्वे असलेली मुले ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामया' योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आणि तीत बाहेरून घेतलेले उपचारही धरतात. अर्ज ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो, आणि वर्ष एप्रिल ते मार्च.

त्या घरचे पुढचे सांगावयाचे राहिले. नाव दुरुस्त होऊन कार्ड यायला चार महिने लागले. पावसाळ्यात जखम पुन्हा चिघळली तेव्हा तिने आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेतली आणि शस्त्रक्रिया झाली. तिला टेम्पोचे भाडे आणि जेवणाचा खर्च पडला. तिथल्या नर्सबाईंनी दर दोन तासांनी कूस बदलावयास शिकवले. रात्री ती उठते. दिवसा ती शेतावर असते तेव्हा शेजारचा मुलगा येऊन कूस बदलून जातो.