रांगेतला बदली

एस.टी. फलाटाला लागली की खिडक्यांतून रुमाल आत पडतात. रुमालाचा धनी अजून दारातल्या गर्दीत असतो, पण त्याची जागा मात्र त्याच्या आधी गाडीत जाऊन बसलेली असते. या रुमालांवरून होणारी भांडणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. काहींत आपण भागही घेतला असेल. भांडणाचा मुद्दा एकच असतो. जो स्वतः हजर नाही, त्याची पाळी दुसऱ्या कशाने धरून ठेवता येते काय? आता त्या रुमालाच्या जागी मजुरी देऊन एक माणूस उभा केला आहे, अशी कल्पना करावी. म्हणजे आमचा आजचा विषय समोर आला. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगाराच्या जागी येणाऱ्याला ‘बदली’ म्हणत. तोच शब्द आम्ही रांगेतल्या या माणसाला लावणार आहोत.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचे सर्व पदर जिथे उलगडून पाहता येतात, अशी एक जागा जगात आहे. ती म्हणजे अमेरिकेतील करमणुकीची प्रचंड उद्याने, ज्यांना थीम पार्क म्हणतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध डिस्नेलँड कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले, आणि फ्लोरिडातील त्याचे मोठे भावंड १ ऑक्टोबर १९७१ रोजी. तिथे घसरगाड्या आहेत, भुतांचे वाडे आहेत, बोटीतून जाण्याच्या गुहा आहेत. आणि या प्रत्येक राइडच्या दाराशी रांग आहे. दोनतीन मिनिटांच्या एका राइडसाठी तास-दीड तास उभे राहावे लागणे हे तिथे नवलाचे नाही.

ही रांग इतकी लांब का होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आरंभीच्या काळात डिस्नेलँडमध्ये प्रत्येक राइडचे तिकीट वेगळे असे. तिकिटांच्या पुस्तिका मिळत, आणि त्यांत अक्षरांनुसार प्रती असत. ‘ए’चे तिकीट स्वस्त व साध्या खेळाचे, १९५९ मध्ये आलेले ‘ई’चे तिकीट सर्वांत महाग व सर्वांत मोठ्या राइडचे. म्हणजे गर्दीला आवर घालण्याचे काम काही अंशी किंमत करीत होती. १९८२ मध्ये या पुस्तिका बंद झाल्या, आणि दाराशी एकदा पैसे भरले की आतले सर्व खुले झाले. सर्व खुले झाले म्हणजे सर्वच लोक चांगल्या राइडकडे धावणार. पैशाची किंमत गेली, तेव्हा तिची जागा वेळाच्या किमतीने घेतली. रांग ही दुसरी किंमत आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि या दुसऱ्या किमतीचे एक वैशिष्ट्य आहे: कारखानदार असो वा कारकून, दोघांच्याही दिवसाला तास चोवीसच असतात.

जिथे वेळाची किंमत मोजावी लागते, तिथे ती पैशात बदलून देणारा कोणीतरी उभा राहतोच. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या समित्यांच्या बैठकी जनतेस खुल्या असतात, पण खुर्च्या थोड्या. तेव्हा मोठ्या कंपन्यांचे हितसंबंध सांभाळणारे लोक सायकलवरून टपाल पोचवणारी मुले, निवृत्त माणसे, कधी बेघर माणसेदेखील मजुरीने रांगेत उभी करीत आले आहेत. सकाळी दार उघडण्याच्या सुमारास इस्त्रीचा कोट घातलेला गृहस्थ येतो, आणि रात्र काढलेला माणूस बाजूला होतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९६२ साली उघडलेले डेलाकोर्ट नावाचे खुले नाट्यगृह आहे. तिथे शेक्सपिअरच्या प्रयोगांची तिकिटे फुकट वाटली जातात. त्या फुकट तिकिटासाठी उभे राहून देऊ, अशा जाहिराती झळकू लागल्या, आणि मोबदला १२५ डॉलरपर्यंत गेला. २०१० मध्ये त्या राज्याच्या महाधिवक्त्यांनी या जाहिराती थांबवण्यासाठी पाऊल उचलले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१५ मध्ये वकिलांसाठी असलेल्या रांगेत बदली उभा करण्यास मनाई केली.

आपल्याकडील अनुभवही फार जुना नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि बँकांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत रोजाने उभे राहणारे लोक लवकरच दिसू लागले. त्याच त्या माणसांना या शाखेतून त्या शाखेत पाठवून काही जण आपला पैसा बदलून घेत आहेत, असे सांगून सरकारने १५ नोव्हेंबरला नोटा बदलणाऱ्यांच्या बोटाला शाई लावण्याचे जाहीर केले. शाई बदलीच्या बोटाला लागली, मालकाच्या नव्हे, ही त्यातली मौज.

आता कोणी विचारील, यात वाईट ते काय? एकाला वेळ नाही, दुसऱ्याला काम नाही. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने मजुरी मिळवली. मोलकरणीकडून भांडी घासून घेतो, तसेच हे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो कुठपर्यंत खरा आहे, हे थोड्या हिशेबाने पाहू.

समजा, एका राइडमध्ये तासाला १,२०० माणसे बसतात, आणि आपल्या पुढे ६०० माणसे आहेत. आपली पाळी अर्ध्या तासाने येईल. या ६०० पैकी वीस जण बदली आहेत, आणि प्रत्येकाच्या जागी ऐन वेळी एकेकच गृहस्थ आला, तर आपले काय बिघडले? काहीच नाही. पुढे ६०० होते, ६००च राहिले. वेळ गेला तो बदल्याचा, आणि त्याचे दाम त्याला मिळाले. पण उद्यानात कोणी एकटा येत नाही. कुटुंब घेऊन येतो. त्या वीस बदल्यांच्या जागी पाच-पाच जणांची वीस कुटुंबे आली, तर पुढची माणसे ६०० ची ६८० झाली, आणि आपला अर्धा तास चौतीस मिनिटांचा झाला. ही चार मिनिटे आपल्या खिशातून गेली, आणि त्यांचा मोबदला कोणी दिला नाही. एका रुमालाने एक जागा धरावी हे एकवेळ चालेल. एका रुमालाने अख्खा बाक धरला की भांडण होते, ते याच कारणाने.

तथापि उद्यानांत साध्या बदलीचा धंदा फारसा फोफावला नाही. कारण उघड आहे. बदल्यालाही आत येण्याचे भारी तिकीट काढावे लागते, आणि एका रांगेत तो उभा असताना दुसऱ्या दहा रांगा तशाच राहतात. म्हणून तिथे या धंद्याने वेगळेच रूप घेतले, आणि ते रूप पाहून पुष्कळांना धक्का बसला.

डिस्नेच्या उद्यानांत अपंग व्यक्तींसाठी एक सवलतपत्र असे. ज्याला लांब रांगेत उभे राहणे जमत नाही, त्याला ते दाखवून बहुधा वेगळ्या दाराने, सोबतच्या मंडळींसह, लवकर आत जाता येई. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने बातमी दिली की, मॅनहॅटनमधील काही श्रीमंत कुटुंबे फ्लोरिडाच्या उद्यानात अपंग ‘मार्गदर्शक’ भाड्याने घेतात. ही व्यक्ती दिवसभर कुटुंबातलीच म्हणून बरोबर फिरते, आणि तिच्या सवलतीवर मुले रांग टाळून पुढे जातात. दर ताशी १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाचे १,०४० डॉलर, असे बातमीत म्हटले होते. इथे बदली रांगेत उभाच राहत नव्हता. विकली जात होती ती त्याची पाळी नव्हे, त्याची अडचण.

परिणाम काय झाला? ९ ऑक्टोबर २०१३ पासून जुने सवलतपत्र बंद झाले. नव्या व्यवस्थेत अपंग व्यक्तीला लगेच आत न सोडता, रांगेत जितका वेळ लागला असता त्या हिशेबाने पुढची वेळ देण्यात येऊ लागली. तोवर तिने इतरत्र थांबावे. वरून पाहता हे न्याय्य दिसते. परंतु ऑटिझम असलेली, म्हणजे स्वमग्न, मुले आपल्यापैकी ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना यातली अडचण सांगायला नको. ‘आता नाही, तासाभराने’ हे वाक्यच त्यांतल्या काही मुलांना सोसत नाही. त्या मुलाने राइड पाहिली, दार पाहिले, आणि तिथून त्याला मागे न्यायचे, म्हणजे आईबापांचा सारा दिवस उधळला. अशा काही कुटुंबांनी २०१४ मध्ये न्यायालयात दाद मागितली. २०२० मध्ये एका प्रमुख खटल्याचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. २०२४ मध्ये या सवलतीचे नियम आणखी आवळले गेले. धनिकांच्या मुलांचा तास-दीड तास वाचला, आणि पुढे नियम आवळले गेले ते ज्यांना त्या सवलतीची खरी गरज होती, त्यांच्यावर. जिथे विश्वासावर दार उघडे ठेवलेले असते, तिथे एकाने केलेल्या लबाडीचा भुर्दंड असा दुसऱ्याच्या माथी बसतो.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग त्याहून बोधप्रद आहे. १९९९ मध्ये डिस्नेने ‘फास्टपास’ नावाची युक्ती काढली. यंत्रातून चिठ्ठी घ्यावयाची. तीवर परत येण्याची वेळ छापलेली. तोवर हवे तिकडे फिरावे. ही चिठ्ठी फुकट होती आणि तिकीट काढलेल्या प्रत्येकाला मिळे. कुटुंबातला एखादा चपळ काका सर्वांची तिकिटे घेऊन यंत्राकडे धावे, तोच काय तो बदली. २०२० मध्ये साथीमुळे उद्याने बंद पडली, तेव्हा ही पद्धत थांबली. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात तिच्या जागी विकतची पद्धत आली, आरंभीचा दर माणशी दिवसाला १५ डॉलर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर एक बडा पास निघाला. त्याची त्या वेळची किंमत उद्यान व तारीख पाहून १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत होती, आणि तीही प्रवेशाच्या तिकिटाखेरीज. ‘ई’चे तिकीट बंद झाले असे आपण म्हणालो, ते वेगळ्या नावाने, पुष्कळ महाग होऊन परत आले आहे.

आपल्या हिशेबाकडे पुन्हा वळू. तीच राइड, तासाला १,२०० जागा. त्यांतल्या ८०० जागा विकतच्या रांगेला दिल्या, तर साध्या रांगेला ४०० उरतात. आपल्या पुढे तीच ६०० माणसे आहेत, पण आता अर्ध्या तासाऐवजी दीड तास उभे राहावे लागेल. बदल्याने आपली चार मिनिटे घेतली होती. इथे साठ गेली. जॉन लिटल या गणितज्ञाने १९६१ मध्ये रांगेविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला: रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे माणसे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाची सरासरी प्रतीक्षा. यातून निघणारा अर्थ असा की, येणारी माणसे तितकीच आणि रांगेत तिष्ठणारीही तितकीच राहिली, तर कोणाला आधी सोडले आणि कोणाला मागे ठेवले याने सरासरी प्रतीक्षा बदलत नाही. एकाची कमी केली की दुसऱ्याची तितकी वाढते. वाचवलेला वेळ आकाशातून पडत नाही.

हे सर्व खरे असले, तरी वेळ वाचवण्याचा प्रत्येक उपाय दुसऱ्याच्या वेळावर डल्ला मारतो, असेही नाही. याच उद्यानांत काही ठिकाणी एकट्या माणसांची वेगळी रांग असते. चौघांच्या गाडीत तिघांचे कुटुंब बसले की एक जागा रिकामी जाते. ती या रांगेतल्या एकट्याला देतात. तो लवकर जातो, पण कोणाचे काही जात नाही. जी जागा वाया जायची तिचा उपयोग झाला. ज्याची सोबत सोडायची तयारी आहे त्याला हा लाभ मिळतो, मग तो श्रीमंत असो वा गरीब.

म्हणून कोणी पैसे देऊन रांग टाळतो, एवढ्याचवरून त्याला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. दोन गोष्टी विचाराव्यात. वाचलेला वेळ कोणाचा गेला, आणि ज्याचा गेला त्याला मोबदला मिळाला काय? रात्रभर उभ्या राहणाऱ्या बदल्याला निदान मजुरी मिळते आणि त्याने ती स्वखुशीने पत्करलेली असते. आम्ही त्याच्याकडेच बोट दाखवत आलो, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु विकतच्या दाराने आत जाणाऱ्यांचे पैसे उद्यानाच्या गल्ल्यात पडतात, आणि वेळ जातो तो साध्या रांगेतल्या माणसाचा. वर्षभर पैसे साठवून पोरांना घेऊन आलेला तो गृहस्थ उन्हात उभा असतो. आपण कोणाच्या तरी जागी उभे आहोत, हे त्याला ठाऊकही नसते. खरा बदली तोच आहे. फक्त त्याला कोणी रोज देत नाही.